गेम डिझाइनमधून यूएक्समध्ये जाताना नेमके काय बदलते?

व्हिडिओ गेमची रचना करणाऱ्या मंडळींमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे, तो म्हणजे आपल्याला यूएक्समध्ये, अर्थात युजर एक्सपिरियन्स डिझाइनमध्ये, जाता येईल का? प्रश्नामागची कारणे उघड आहेत. जानेवारी २०२४ या एकाच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातील सुमारे १,९०० आणि युनिटी कंपनीने सुमारे १,८०० जणांची कपात जाहीर केली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी नवा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्या ॲपवर काम करणाऱ्या डिझायनरांना नव्या कामाचा विचार करणे भाग पडले. दुसऱ्या बाजूला बँका, विमा, रुग्णालये, शाळा आणि सरकारी सेवा मोबाइलवर आल्या असून त्या माणसांना वापरता याव्यात यासाठी कुणीतरी बसून विचार करावा लागतो. तो विचार करणाऱ्याला यूएक्स डिझायनर म्हणतात.

मी स्वतः काही वर्षे गेमच्या लेव्हल रचल्यावर या क्षेत्रात आलो आणि आता नव्या उमेदवारांचे पोर्टफोलिओ पाहण्याचे कामही माझ्याकडे असते. या बदलाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की दोन्ही कामे मुळात एकच आहेत, फक्त पदाचे नाव बदलायचे. काहींना वाटते की गेममधला अनुभव इथे शून्य धरला जातो आणि सगळे नव्याने शिकावे लागते. मला दोन्ही मते पटत नाहीत. माणसाकडे बारकाईने पाहण्याची गेम डिझायनरची सवय जशीच्या तशी उपयोगी पडते. मात्र त्या माणसापुढे येणाऱ्या अडचणीचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर बरोबर उलटे होते. हे उलटेपण ज्याला नीट समजले त्याला पुढचे शिक्षण जड जात नाही, म्हणून या लेखात त्यावरच भर दिला आहे.

काकूचा मोबाइल क्रमांक

मागच्या दिवाळीत साताऱ्याला काकूकडे गेलो होतो. ती एका बँकेच्या ॲपमध्ये आपला मोबाइल क्रमांक भरत होती. क्रमांक तिने फोनच्या संपर्कयादीतून कॉपी करून आणला होता, त्यामुळे त्याच्या आधी अधिक चिन्हासह ९१ हा देशाचा संकेतांक आला होता आणि पाचव्या आकड्यानंतर एक मोकळी जागा पडली होती. ॲपने चौकटीखाली लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ असे दाखवले. काकूने एकेका आकड्यावर बोट ठेवून क्रमांक दोनदा वाचला, पुन्हा तोच चिकटवला, पुन्हा लाल अक्षरे आली. शेवटी फोन माझ्याकडे देत ती म्हणाली, “अरे, माझाच नंबर मला चुकीचा म्हणतंय हे. तूच बघ.”

तिने दिलेले दहाही आकडे बरोबर होते. संकेतांक आणि मोकळी जागा काढून टाकणे हे संगणकाच्या दृष्टीने अगदी किरकोळ काम आहे, प्रोग्राममध्ये त्यासाठी एखाद-दुसरी ओळ पुरते. ती ओळ कुणी लिहिली नाही, कारण क्रमांक कॉपी करूनही आणला जाऊ शकतो असा विचार कुणी केला नाही. आणि त्या न केलेल्या विचाराची किंमत म्हणून सत्तरीच्या बाईने ‘मला हे जमत नाही’ असा स्वतःबद्दलच निष्कर्ष काढला. यूएक्स डिझाइनचे काम अशा क्षणांचे असते. बटणाचा रंग, अक्षरांचा आकार, चित्रे यांना यूआय, अर्थात युजर इंटरफेस, म्हणतात आणि तो या कामाचा एक भाग झाला, पण त्याआधी माणूस कुठून आला, त्याच्या हातात काय आहे, त्याला काय हवे आहे आणि चुकल्यावर त्याला काय सांगायचे, हे सगळे ठरवावे लागते. ‘युजर एक्सपिरियन्स’ हा शब्द पदनामात आणणारे डॉन नॉर्मन हे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. १९९३ मध्ये ॲपल कंपनीत त्यांनी हे पदनाम घेतले, ते एवढा सगळा पसारा एका शब्दात यावा म्हणूनच.

आता हाच प्रसंग गेमच्या भाषेत पाहू. उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, ज्याला प्लॅटफॉर्मर म्हणतात, खेळणारा कड्याच्या टोकापर्यंत धावत येतो आणि उडीचे बटण दाबतो. गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकते. खेळणाऱ्याचे बोट दोन-तीन चित्रे उशिरा पडले तर हिशेबाने पात्र कड्याबाहेर गेलेले असते आणि उडी नाकारली जायला हवी. तसे केले की खेळणारा चिडतो, कारण त्याच्या मते त्याने बटण वेळेवर दाबले होते. म्हणून चांगल्या गेममध्ये कडा सोडल्यानंतरही काही चित्रांपुरती उडी मारू दिली जाते. या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटणही लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी दिली जाते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अतिशय कठीण मानल्या गेलेल्या गेममध्ये या दोन्ही सवलती आहेत. खेळणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत, त्याला फक्त गेम आपले ऐकतो आहे असे वाटते.

काकूचे दहा आकडे आणि खेळणाऱ्याचे उशिरा पडलेले बोट यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे हेतू स्पष्ट होता आणि कृती केसभर चुकली होती. ज्याने ही केसभराची सवलत रात्री जागून, एकेक चित्र कमी-जास्त करून जुळवली आहे, त्याला फॉर्ममधल्या चुका कशा हाताळाव्यात हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाठवलेला ईमेल काही सेकंद परत घेता येणे, अर्धवट भरलेला अर्ज आपोआप जतन होणे, तारीख दोन-तीन प्रकारे लिहिली तरी चालणे, ही सगळी त्याच घराण्यातली कामे आहेत. मुलाखतीत गेम डिझायनर आपल्या कामाबद्दल बोलताना गेमची गोष्ट, पात्रे, चित्रशैली यांवर वेळ घालवतात आणि या सवलतींबद्दल बोलायचे राहून जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

शिकवण्याच्या बाबतीतही असेच आहे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल उदाहरण म्हणून नेहमी दिली जाते, आणि ती खरोखरच अभ्यासण्यासारखी आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचे ते सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेल्यावर गुम्बा हा पहिला शत्रू समोरून येतो आणि उडी मारणे भाग पडते. वरच्या ठोकळ्यावर डोके आपटले की अळंबी बाहेर येते, उजवीकडे सरकते, पुढच्या नळीला धडकून मारिओकडे परत येते. ठोकळ्यांच्या खाली असल्यामुळे ती चुकवणे अवघड जाते आणि अंगाला लागल्यावर मारिओ मोठा होतो, म्हणजे ही वस्तू चांगली आहे हे कळते. या गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी ही मांडणी मुद्दाम अशी केल्याचे पुढे मुलाखतीत सांगितले आहे. ते मुळात औद्योगिक डिझाइन शिकलेले, हेही इथे लक्षात घेण्यासारखे आहे. याउलट कितीतरी ॲप उघडताच सूचनांची चार-पाच पाने पुढ्यात ठेवतात आणि माणूस ती न वाचता पुढे ढकलतो. जे शिकायचे ते गरज पडेल त्या जागी, एका वेळी एक, करून बघत शिकता यावे, ही गेम डिझायनरची रोजची शिस्त आहे आणि यूएक्समध्ये तिची फार टंचाई आहे.

खेळणे आणि साधन

इथवर सगळे जुळते. आता जिथे जुळत नाही तिथे येऊ.

थॉमस मेलोन या संशोधकाने १९८२ मध्ये संगणकाच्या खेळांपासून इंटरफेसच्या रचनेने काय शिकावे यावर एक निबंध लिहिला आणि त्यात खेळणे व साधन असा भेद केला. खेळणे हे खेळण्यासाठीच असते, त्याच्या बाहेर कुठले काम उरकायचे नसते. साधन हे बाहेरच्या कामासाठी असते. त्यामुळे चांगला खेळ शिकायला सोपा पण पारंगत व्हायला कठीण असावा लागतो, तर चांगले साधन शिकायलाही सोपे आणि पारंगत व्हायलाही सोपे असावे लागते. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या विषयावर याहून नेमके काही मी वाचलेले नाही.

याचा अर्थ रोजच्या कामात असा होतो. गेममध्ये अडथळा हा माल असतो. लोक पैसे देतात ते अडथळ्यासाठी. तो फार सोपा झाला तर कंटाळा येतो आणि फार कठीण झाला तर राग येतो, म्हणून डिझायनर दोन्हींच्या मधली जागा शोधत असतो. वीजबिल भरण्याच्या ॲपमध्ये कुणीही अडथळ्यासाठी येत नाही. तिथे कंटाळवाणे असणे हा दोष नव्हे. माणूस आला, वीस सेकंदांत बिल भरले, पावती मिळाली आणि तो ॲप बंद करून आपल्या कामाला लागला, तर डिझाइन उत्तम झाले. गेममध्ये जितका वेळ माणूस थांबला तितके यश मानण्याची सवय लागलेली असते. इथे बहुतेक वेळा तो किती लवकर मोकळा झाला हे मोजायचे असते. ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिल्या वर्षी माझ्याकडून ही चूक पुन्हा पुन्हा होत असे. डॉक्टरांची वेळ ठरवण्याच्या एका कामात मी वेळ निश्चित झाल्यावर दाखवायचे एक सुंदर चलचित्र रचले होते. ते दीड सेकंद चालायचे. चाचणीला आलेल्या बाईंच्या कडेवर तापाने फणफणलेले बाळ होते आणि त्या दीड सेकंदात वेळ नक्की झाली की नाही हे न कळल्यामुळे त्यांनी बटण पुन्हा दाबले. दुसऱ्या दिवशी मी ते चलचित्र काढून त्याजागी तारीख, वार, वेळ आणि पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला.

याच कारणाने पॉइंट, बॅज आणि क्रमवारी कुठेही चिकटवण्याच्या पद्धतीबद्दल मी सावध आहे. गेममधून आलेल्या उमेदवाराकडून नेमकी तीच अपेक्षा केली जाते आणि उमेदवारही उत्साहाने ती पुरवतो. माणसाला स्वतःलाच दीर्घकाळ सराव करायचा असेल, उदाहरणार्थ भाषा शिकायची असेल किंवा व्यायामात सातत्य हवे असेल, तर अशा बक्षिसांची मदत होते. आयकर विवरणपत्र भरणाऱ्याला बॅज देऊन काहीच साधत नाही. त्याला आपला आकडा बरोबर आहे याची खात्री हवी असते.

याहून गंभीर गोष्ट फुकट डाउनलोड होणाऱ्या गेममधून येणाऱ्यांनी समजून घ्यायला हवी. तिथे उलट्या मोजणीच्या घड्याळासह येणारी सवलत, नकार देताना वाईट वाटावे अशी वाक्ये, खर्च किती झाला हे पटकन न कळावे म्हणून नाणी आणि रत्नांची वेगळी चलने, हे सगळे सर्रास चालते आणि ते रचणे हे कामच असते. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा फसव्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले: खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, पूर्ण किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, वगैरे. ही यादी मुळातून वाचावी असे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. ‘माझ्या बदलामुळे विक्री वाढली’ असे पोर्टफोलिओत लिहिणाऱ्याला चांगल्या ठिकाणी पुढचा प्रश्न असतो की ती कशामुळे वाढली, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे देता यायला हवे.

कल्पनेआधी माणूस

चाचणी घेण्याच्या बाबतीत गेमवाले मागे नाहीत, उलट काही पद्धती गेममधूनच यूएक्समध्ये आल्या. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ गेमच्या वेळी व्हॉल्व्ह कंपनीत बाहेरची माणसे बोलावून त्यांना खेळायला बसवत आणि डिझायनरांनी तोंडातून शब्द न काढता मागे बसून नोंदी घ्यायच्या, असा रिवाज होता. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमचा शिकवणीचा भाग तपासताना मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी एक वेगळी पद्धत वापरली आणि २००२ मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. एखाद्या माणसाला अडचण आली, तिचे कारण आणि उपाय दोन्ही स्पष्ट असले, की पुढच्या माणसाची वाट न पाहता लगेच दुरुस्ती करायची आणि दुरुस्त केलेलेच पुढच्या माणसाला दाखवायचे. ‘राइट’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज बँकांच्या ॲपसाठीही वापरली जाते. युजेबिलिटीचे, म्हणजे वापरसुलभतेचे, अभ्यासक याकब निल्सन यांनी प्रत्येक फेरीला पाच माणसे पुरेशी आहेत असे जे सुचवले, त्यामागेही थोडे तपासा, दुरुस्त करा, पुन्हा तपासा हाच विचार आहे.

तेव्हा प्लेटेस्टिंग, म्हणजे लोकांना खेळायला बसवून गेम तपासणे, ज्याने केले आहे त्याला युजेबिलिटी टेस्टिंग येते, असे मी धरून चालतो. फक्त प्रश्न बदलावे लागतात. ‘मजा आली का?’ याऐवजी ‘आता यापुढे काय होईल असे तुम्हाला वाटते?’ असे विचारावे लागते. खेळणारे कोणत्या जागी मरतात याचा नकाशा काढणाऱ्याला अर्ज भरणारे कोणत्या पानावर सोडून जातात हा तक्ता वाचायला वेळ लागत नाही.

खरी उणीव असते ती त्याआधीच्या टप्प्यावर. गेमची सुरुवात डिझायनरच्या डोक्यातल्या कल्पनेतून होऊ शकते. ‘उलटे गुरुत्वाकर्षण असते तर?’ एवढा प्रश्न पुरतो आणि त्यासाठी कुणाला विचारायची गरज नसते. यूएक्सच्या कामाची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी अडलेल्या कामातून होते आणि ते काम आपण कधी केलेलेच नसते. शेतमालाच्या भावाचे ॲप करायचे असेल तर बाजार समितीत पहाटे जाऊन आडत्याच्या गाळ्यापाशी उभे राहावे लागते, शेतकरी भाव कुणाकडून ऐकतो, फोन कोणत्या हातात असतो, ऊन पडद्यावर कसे पडते, तो मुलाला फोन लावून वाचायला सांगतो का, हे पाहावे लागते. तिथे आपली कल्पना सांगायची नसते. सुरुवातीला हे फार जड जाते, कारण गेम डिझायनरला ऐकता ऐकताच उपाय सुचत असतात आणि सुचलेला उपाय जिभेवर येतो. मला माझ्या पहिल्या मार्गदर्शक बाईंनी वहीच्या उजव्या पानावर लोकांचे बोलणे आणि डाव्या पानावर माझ्या कल्पना लिहायला सांगितले होते आणि भेट संपेपर्यंत डावे पान कुणालाही ऐकवायचे नाही अशी अट घातली होती. आजही मी तीच वही वापरतो.

दुसरी उणीव सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीच्या, नियमांची. गेममध्येही याबाबत मोठे काम झाले आहे. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ मध्ये साठहून अधिक सुगम्यता-पर्याय होते. पण तिथे ते स्टुडिओच्या इच्छेवर असते, तर सार्वजनिक सेवांमध्ये तो कायद्याचा प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातून बचावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ज्यांना पाळताच येत नाही, त्यांचे बँक खाते कसे उघडणार, असा तो प्रश्न होता. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतले आकडे पाठ असायला हवेत: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १, आणि २०२३ च्या आवृत्तीनुसार दाबायच्या जागेचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. इंग्रजीत आखलेल्या बटणात ‘स्वीकृती’ हा शब्द टाकून पाहावा. वरची वेलांटी वरच्या कडेला कापली जाते आणि ‘कृ’चा खालचा भाग खालच्या कडेला. ओळींमधले अंतर देवनागरीसाठी वेगळे ठेवावे लागते, शब्दही अनेकदा लांब होतात. ज्यांनी गेमचे भाषांतरित मेनू बसवले आहेत त्यांना हे दुखणे ठाऊक असते आणि आपल्याकडच्या सेवांसाठी ती माहिती फार मोलाची आहे.

ॲपच्या पडद्यांचे आराखडे काढायचे फिग्मासारखे सॉफ्टवेअर शिकायला काही आठवडे लागतात. युनिटी किंवा अनरिअल ही गेम इंजिने, म्हणजे गेम बनवायची सॉफ्टवेअर, हाताळणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये.

पोर्टफोलिओ आणि वाटा

गेममधून आलेल्यांच्या पोर्टफोलिओत मला बहुधा देखणे पडदे दिसतात आणि त्यांच्यामागची कारणे दिसत नाहीत. समोरच्याला गेम माहीत नसतो, खेळण्याची आवडही नसते, तेव्हा राक्षसाचे चित्र पाहून त्याला काहीच कळत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही एका गेममध्ये खेळणाऱ्याच्या सामानाची पेटी, म्हणजे इन्व्हेंटरी, नव्याने रचली. ते असे सांगता येईल: चाचणीत माणसे लढाईच्या मध्येच औषध शोधताना अडकत होती, आम्ही पाहिले तर ती औषध नावाने शोधत नव्हती, बाटलीच्या आकाराने शोधत होती, आणि सगळ्या बाटल्या एकाच आकाराच्या होत्या, आधी आम्ही शोधण्याची चौकट दिली, ती कुणी वापरली नाही, मग आकार बदलले आणि नुकत्याच वापरलेल्या चार वस्तू वर आणल्या, त्यानंतरच्या चाचणीत अडकणे थांबले, मात्र नवख्या माणसाला वरची ओळ रिकामी दिसते हा प्रश्न राहिला. यात गेमचे नावही घ्यावे लागत नाही, आणि गोपनीयतेच्या करारामुळे अनेकदा घेताही येत नाही. फसलेला प्रयत्न आणि उरलेला प्रश्न लिहिलेला असला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. अशी दोन कामे आणि त्यांच्या जोडीला गेमबाहेरचे, आपल्या आसपासच्या एखाद्या सेवेचा लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास, एवढे पुरते. तालुक्याच्या रुग्णालयातली केसपेपरची रांग हा विषयसुद्धा उत्तम आहे.

औपचारिक शिक्षण हवे असेल तर आयआयटी मुंबईतील आयडीसी या १९६९ पासूनच्या डिझाइन विद्यालयात इंटरॅक्शन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी सीईईडी ही परीक्षा द्यावी लागते. एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, हिच्या बंगळूर केंद्रात तर इंटरॅक्शन डिझाइन आणि डिजिटल गेम डिझाइन असे दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी चालतात. तरीही चार-पाच वर्षे काम केलेल्याने केवळ या बदलासाठी दोन वर्षे पुन्हा शिकायला जावे असे मला वाटत नाही. त्यापेक्षा आहे त्याच स्टुडिओत मेनू, खरेदी, खाते उघडणे, सेटिंग या भागांचे काम मागून घ्यावे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत हे काम असतेच आणि बहुतेकांना ते नको असते. तिथून बाहेरच्या कंपनीत जाणे सोपे पडते.

पुण्यात आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मोटारींच्या आतले पडदे आता गेम इंजिनवर चालू लागले आहेत. जनरल मोटर्सच्या हमर ईव्ही या विजेवरच्या गाडीसाठी अनरिअल इंजिन वापरणार असल्याचे २०२० मध्येच जाहीर झाले होते. चालकाचे लक्ष रस्त्यावर असताना एका नजरेत काय दाखवायचे, हा प्रश्न गेममध्ये लढाई सुरू असताना कोपऱ्यात काय दाखवायचे याच्या फार जवळ जातो. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात वाहन उद्योग एवढा मोठा असताना गेममधल्या माणसांनी तिकडे चौकशी करायलाच हवी.

पगार आणि पद यांबाबत मन तयार ठेवावे लागते. सीनिअर गेम डिझायनरला यूएक्समध्ये सहसा एक पायरी खालून सुरुवात करावी लागते. ज्यांनी आपले काम वरीलप्रमाणे मांडले त्यांना ती पायरी लवकर चढता आल्याचे मी पाहिले आहे.

गेम बनवणाऱ्यांच्या हातून उत्तम साधने झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण स्टुअर्ट बटरफिल्ड यांचे आहे. ‘गेम नेव्हरएंडिंग’ या त्यांच्या गेमच्या कामातून २००४ मध्ये फोटो ठेवण्याची फ्लिकर ही सेवा निघाली. पुढे त्यांनी ‘ग्लिच’ नावाचा गेम काढला. तो चालला नाही आणि २०१२ च्या अखेरीस बंद करावा लागला. मात्र तो बनवताना वेगवेगळ्या शहरांतल्या सहकाऱ्यांनी आपापसांत बोलण्यासाठी जे साधन जुळवले होते, त्यातून स्लॅक उभे राहिले आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीने ते सुमारे २,७७० कोटी डॉलरला घेतले. या साधनात गुण, शत्रू, लेव्हल असे काहीही नाही. ते आधी त्यांच्या स्वतःच्या अडलेल्या कामासाठी केलेले होते आणि रोज वापरून घासून गुळगुळीत झालेले होते.

मुलाखतीत बहुधा फळ्यासमोर उभे करून एखादा प्रश्न देतात, उदाहरणार्थ, ज्येष्ठ नागरिकांसाठी औषधांची आठवण करून देणारे ॲप रचा. गेममधून आलेला उमेदवार इथे हमखास सलग सात दिवस औषध घेतल्यास मिळणाऱ्या बक्षिसापासून सुरुवात करतो. त्याऐवजी खडू हातात घेण्याआधी विचारावे: औषध घरात कोण आणते, गोळ्या कशात ठेवतात, वाचायला चष्मा लागतो का, फोन रात्री कुठे असतो, गोळी चुकली तर आधी कुणाला कळायला हवे, आणि हे सगळे आज ॲपशिवाय कसे निभावते? मी समोर बसलेला असतो तेव्हा या प्रश्नांना उत्तरे देण्यात पहिली दहा मिनिटे गेली तरी मला चालते.